खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी हीटर घेताना

दिवाळी उलटली, पहाटे शाल घ्यावीशी वाटू लागली की दुकानात हीटरची विचारणा सुरू होते. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तीन फुटी टँक आहे, किती वॅटचा लागेल?" त्यावर आम्ही उलट विचारतो, टाकी ठेवलीय कुठे? विश्रामबागेतल्या बंद फ्लॅटचा हॉल आणि मळ्यातल्या घराची पत्र्याची खोली यांत जानेवारीच्या पहाटे सहज पाच-सहा अंशांचा फरक पडतो. हीटरला खोली आणि पाणी यांच्यातली दरी भरून काढायची असते. म्हणून खरेदीआधी दोन-तीन दिवस पहाटे पाच वाजता त्या खोलीचं तापमान बघून या.

मरीन टाकीत 25 ते 26 अंश ठेवावं. आकड्यापेक्षाही ते स्थिर राहणं महत्त्वाचं. समुद्राचं पाणी रात्रीतून तीन अंश उतरत नाही, त्यामुळे क्लाउनफिशला (गिऱ्हाइकांच्या भाषेत निमोला) असला झटका सोसत नाही. मासा खाणं सोडतो आणि अंगावर पांढरे ठिपके यायला वाट मिळते.

आता हिशेब. टाकीची लांबी, रुंदी, उंची फुटांत घेऊन गुणा आणि आलेल्या आकड्याला 28 ने गुणा, लिटर मिळतील. तीन बाय दीड बाय दीड फुटांची टाकी जवळपास 190 लिटरची होते. खडक, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा करून 160 धरा, सम्प (मुख्य टाकीला जोडलेली खालची फिल्टरची टाकी) असेल तर त्यातलं पाणी मिळवा. खोली पाण्यापेक्षा पाच-सहा अंशांनी थंड पडत असेल तर लिटरला एक वॅट पुरतो. आठ-दहा अंशांचा फरक असेल तर दीड ते दोन धरा. साताऱ्याकडचे, विशेषतः घाटाजवळ राहणारे लोक याच दुसऱ्या हिशेबात बसतात. 100 वॅटच्या हीटरला 100 लिटर पाणी एक अंश चढवायला तासापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो, तोही पाणी बाजूने निवत नसेल तर. तेव्हा लावल्या लावल्या "गरमच होत नाही" म्हणून फोन करू नका, रात्रभर थांबा.

200 वॅट लागणार असतील तर 200 चा एक घेऊ नका, 100 चे दोन घ्या. दोन विकून जास्त कमावतो असं वाटेल, पण हे आम्ही स्वतःच्या पैशाने शिकलोय. हीटर आपोआप चालू-बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटचे पॉइंट जळून चिकटले की हीटर बंदच होत नाही. एका फेब्रुवारीत आमच्याच दुकानातल्या शंभर लिटरच्या टाकीत 200 चा हीटर असा चिकटला. सकाळी शटर उघडलं तर पाणी 33 अंशांवर आणि चार मासे तळाला. 100 चा असता तर एवढ्या वेळात पाणी इतकं चढलं नसतं. शिवाय दोनातला एक बंद पडला तरी दुसरा रात्र निभावून नेतो. हीटर कधीतरी बिघडणार हे धरूनच तो निवडायचा.

त्यावर पाण्याचं तापमान बघून हीटरची वीज चालू-बंद करणारा बाहेरचा कंट्रोलर लावला तर आणखी बरं. कंट्रोलर 25.5 वर आणि हीटरची स्वतःची खुंटी 27 वर ठेवा, म्हणजे कंट्रोलरचा रिले (आतला स्विच) चिकटला तरी हीटर आपला आपण थांबेल. खुंटीवरच्या आकड्यावर मात्र भरवसा नको, वेगळा थर्मामीटर टाकून ताडून घ्या.

स्टीलचा हीटर "गंजत नाही" म्हणून मागतात. खाऱ्या पाण्यात चांगल्या स्टीललाही खड्डे पडतात, म्हणून आम्ही तो मरीनसाठी देत नाही. काचेचा स्वस्त आणि चांगला, पण गरम असताना पाण्याबाहेर राहिला तर तडकतो. टायटॅनियमचा महाग, मात्र खारं पाणी त्याचं काही बिघडवत नाही. त्यातल्या बऱ्याच मॉडेलांना कंट्रोलर वेगळा घ्यावा लागतो, बजेट धरताना तोही मोजा.

काचेचे हीटर फुटतात ते बहुतेक वेळा सम्पमध्ये. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं आणि पातळी घटते ती पाणी वर टाकीत परत पाठवणाऱ्या रिटर्न पंपाच्या कप्प्यात. नेमका तिथेच हीटर उभा लावलेला असतो! पातळी हलत नाही अशा कप्प्यात, वाहत्या पाण्यात, आडवा बसवा. घटलेलं पाणी आरओच्या पाण्यानेच भरा. पाणी बदलायच्या आधी प्लग काढून पंधरा मिनिटं थांबा.

तासगाव, पलूसकडच्या मंडळींसाठी एक वेगळी गोष्ट. शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं. 230 चं 180 झालं तर 100 वॅटचा हीटर साठ-एकसष्ट वॅटच देतो. तिथे एक माप वरचे घ्या. आणि अमेरिकेहून भाच्याने आणलेला 120 व्होल्टचा हीटर आपल्या बोर्डात कृपा करून लावू नका, तो जवळजवळ चौपट वीज ओढतो आणि फुटतो.

वीज गेली तर इन्व्हर्टरवर हीटर नको, बॅटरी बसेल. त्यावर वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा छोटा पंप) चालवा. मासे गारठण्याआधी गुदमरतात. टाकीभोवती जुनी गोधडी गुंडाळली की ऊब बराच वेळ टिकते, फक्त वरचा भाग हवेसाठी उघडा ठेवा.

खारं पाणी आणि वीज एकत्र आहेत, तेव्हा 30 मिलिअँपिअरवर ट्रिप होणारा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) हवाच. वायर प्लगच्या खाली झोळासारखी लोंबू द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी बोर्डात न शिरता खाली ठिबकेल. प्लगजवळ मिठाचा पांढरा थर दिसला तर मेन बंद करून कोरड्या फडक्याने पुसा.

होळी झाली की हीटरचा प्लग काढून ठेवा. एप्रिलमध्ये खोलीच 32 अंशांवर जाते, त्यात चिकटलेला हीटर म्हणजे रस्साच. तेव्हा गरज पंख्याची किंवा चिलरची असते, त्याबद्दल दुकानात बोलू. काढलेला हीटर थंड झाल्यावर व्हिनेगरमध्ये बुडवा, क्षार सुटतील. पुढच्या दिवाळीत टाकीत सोडण्याआधी दुकानात घेऊन या, बादलीत लावून थर्मोस्टॅट वेळेवर तोडतो का ते बघून देतो. त्याचे पैसे घेत नाही.