लोअरिंग स्प्रिंग आणि स्टायलिंग पार्ट (स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस)

लोअरिंग स्प्रिंग म्हणजे कंपनीच्या कॉइल स्प्रिंगच्या जागी बसवायची, उंचीला कमी आणि जरा कडक अशी आफ्टरमार्केट स्प्रिंग. ती टाकली की गाडीची बॉडी चाकांवर दोन ते चार सेंटिमीटर खाली येते, टायर आणि फेंडरमधली (फेंडर म्हणजे चाकावरचा पत्रा) चार बोटं मावणारी गॅप दोन बोटांवर येते आणि गाडी एकदम बसलेली दिसते. तिच्या जोडीला फ्रंट लिप (पुढच्या बंपरखालची पट्टी), साइड स्कर्ट (दारांखालची पट्टी), मागचा डिफ्युझर (मागच्या बंपरखालचा भाग), डिकीवर छोटा स्पॉइलर, काळी ग्रिल वगैरे जे लावतात ते स्टायलिंग पार्ट. दोन्ही कामं बहुतेक जण एकाच दमात करून घेतात, पण पहिलं गाडीच्या चालीत हात घालतं आणि दुसरं जवळजवळ सगळं दिसण्यापुरतं असतं, तरी चर्चा मात्र दुसऱ्याचीच जास्त होते.

आपल्याकडे या प्रकाराची सगळ्यात ओळखीची गाडी म्हणजे स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, म्हणजे ऑक्टाव्हियाचं जोरदार इंजिनवालं स्पोर्टी मॉडेल, जिला लोक बॅजवरून व्हीआरएस म्हणतात. तशी ती सेडान नाहीच, मागची काच धरून अख्खी डिकी वर उघडते म्हणजे लिफ्टबॅक, पण भारतात तिला सेडानच म्हणतात त्यामुळे इथेही तेच धरलंय. स्कोडाचा भारतातला कारखाना छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला, ऑक्टाव्हिया तिथे २००१ पासून जुळायला लागली, आणि २००४ ला १.८ टर्बो पेट्रोलची १५० पीएसवाली (पीएस म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर) पहिली आरएस आली. मग २०११ ला लॉरा आरएस (दुसऱ्या पिढीची ऑक्टाव्हिया भारतात लॉरा नावाने विकली जायची), २०१७ ला २.० लिटरची २३० पीएसवाली, २०२० ला २४५ पीएसवाली फक्त २०० गाड्या, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये २६५ पीएसची, तीही १०० च गाड्या, एक्स-शोरूम ४९.९९ लाखाला. म्हणजे गाडी मुळातच कमी लोकांकडे आहे, आणि ज्यांच्याकडे आहे ते ती जशीच्या तशी ठेवतील अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

स्प्रिंग नेमकं काय करते

स्प्रिंगचा कडकपणा न्यूटन प्रति मिलिमीटरमध्ये मोजतात, म्हणजे स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला किती जोर लागतो. लोअरिंग स्प्रिंग दोन प्रकारच्या, लिनियर म्हणजे सगळीकडे सारखी कडक, आणि प्रोग्रेसिव्ह, जिच्यात काही वेटोळी जवळजवळ असतात, ती आधी मिटतात आणि त्यानंतर स्प्रिंग कडक होत जाते. आयबाख आणि एचअँडआर ही दोन नावं यात सगळ्यात जास्त ऐकू येतात, दोन्ही जर्मनीच्या झाउअरलांड भागातल्या, आयबाख १९५१ पासून फिनेनट्रॉपची आणि एचअँडआर शेजारच्याच लेनेश्टाटची.

आता इथे एक हिशोब आहे जो स्प्रिंग विकणारा सहसा सांगत नाही. समजा पुढच्या चाकाला बंप स्टॉपला (सस्पेन्शन पूर्ण दाबलं की शेवटी टेकतो तो रबरी अडथळा) टेकेपर्यंत वर जायला ८० मिलिमीटर जागा आहे आणि स्प्रिंग ३० न्यूटन प्रति मिलिमीटरची आहे (आकडे समजण्यापुरते आहेत, कुठल्या ठराविक गाडीचे नाहीत). गाडी ३० मिलिमीटर खाली केली की ती जागा उरली ५०. खड्ड्याचा धक्का स्प्रिंगने पचवायचा म्हणजे कडकपणा गुणिले अंतराचा वर्ग, त्याचं अर्धं, त्यामुळे अंतर ८० वरून ५० वर आलं की आधीइतकाच धक्का पचवायला स्प्रिंग जवळपास अडीचपट कडक लागेल, म्हणजे ७७ च्या आसपास. बाजारातली रोजच्या वापराची लोअरिंग स्प्रिंग इतकी कडक कधीच नसते, वीस-तीस टक्के वाढीव असते, आणि नसते तेच बरं कारण अडीचपट स्प्रिंगवर कोणी घरी जाऊ शकणार नाही. उरलेला धक्का बंप स्टॉपवर जातो. मग लोक म्हणतात की स्प्रिंग टाकल्यापासून गाडी धाडधाड आपटते, स्प्रिंग फार हार्ड आहे, तर बऱ्याचदा उलटं असतं, स्प्रिंग त्या उंचीच्या मानाने मऊ पडतेय आणि जे आपटतंय तो रबराचा बंप स्टॉप आहे.

दुसरी गोष्ट भूमितीची. ऑक्टाव्हियाला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात. गाडी खाली आली की खालच्या आर्मचं (चाकाला बॉडीशी जोडणारा दांडा) चाकाकडचं टोक वर उचललं जातं, आणि वळणावर बॉडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर त्यामुळे झपाट्याने खाली जातो, गाडीचा गुरुत्वमध्य जितका खाली आला त्यापेक्षा जास्त. दोघांतलं अंतर वाढतं, म्हणजे बॉडीला कलवणारी तरफ लांब होते. थोडक्यात, गाडी खाली केली की वळणावर कमी झुकते हे सरसकट खरं नाही, कडक स्प्रिंगमुळे झुकणं जितकं कमी होतं त्यातलं बरंचसं ही भूमिती परत घेते, आणि चार-पाच सेंटिमीटर खाली नेलेली गाडी फोटोत भारी दिसली तरी घाटात मूळ गाडीपेक्षा वाईट वागू शकते. १५ ते २५ मिलिमीटर हा शहाणपणाचा पट्टा मानतात तो यासाठी, त्याच्या खाली जायचं तर स्प्रिंगपुरतं काम राहत नाही, कमी लांबीचे शॉकअप किंवा सरळ कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा सेट) लागतो.

आणि जाहिरातीतला आकडा कुठून मोजलाय तेही बघावं लागतं. किटवर ३० मिलिमीटर लिहिलं असेल तर ते बऱ्याचदा युरोपातल्या साध्या मॉडेलपासून असतं, आरएस कारखान्यातूनच खाली असते म्हणून तिच्यावर तोच किट कमी उतरतो. याउलट भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच युरोपियन गाड्यांना खराब रस्त्यांसाठी उंच सस्पेन्शन दिलेलं असतं, अशा गाडीवर तीच स्प्रिंग लिहिल्यापेक्षा जास्त खाली नेते. म्हणून काम करायच्या आधी आणि नंतर चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत चारही बाजूंना टेपने मोजून लिहून ठेवायचं, जमिनीपासून मोजलं तर टायरची हवा सुद्धा हिशोबात येते.

फिटिंग

मागचं काम तुलनेने सोपं, कारण मल्टिलिंकमध्ये (मागचं चाक अनेक आर्मनी धरणारं सस्पेन्शन) मागची स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी, खालच्या आर्मवर बसलेली असते. पुढे मात्र स्ट्रट अख्खा बाहेर काढावा लागतो, आणि या गाडीत तो नकलच्या (चाक ज्यावर बसतं तो भाग) क्लॅम्पमध्ये घट्ट अडकलेला असतो, तो क्लॅम्प जरासा फाकवायला वेगळं टूल लागतं, नसेल तर मेकॅनिक पान्याने ठोकायला सुरुवात करतो आणि आवाज ऐकून मालकाचा जीव वरखाली होतो. बाहेर काढलेली स्प्रिंग कंप्रेसरने दाबल्याशिवाय वरचा नट खोलायचा नाही, दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणसाला गंभीर इजा होईल इतकी ताकद असते. नवीन स्प्रिंगचं टोक खालच्या वाटीतल्या पायरीला नीट टेकलंय ना ते बघायचं, नाहीतर स्टिअरिंग वळवताना टण्ण असा आवाज येत राहतो आणि मग पंधरा दिवस सगळे लिंक रॉडला दोष देत बसतात.

टॉप माउंट (स्ट्रटची वरची बैठक), त्याचं बेअरिंग, बंप स्टॉप आणि डस्ट कव्हर याच वेळी बदलून टाकलेले बरे, मजुरी एकदाच पडते. जे बोल्ट कंपनी एकदाच वापरायचे म्हणून देते ते पुन्हा वापरू नयेत.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते बुशकडे. आर्मच्या बोल्टभोवतीचा रबर बुश ज्या स्थितीत बोल्ट आवळला त्या स्थितीत धरला जातो. गाडी रॅम्पवर, चाकं लटकलेली, आणि मेकॅनिकने तिथेच सगळे बोल्ट फुल टाइट केले तर गाडी खाली ठेवल्याबरोबर प्रत्येक बुश पिळला जातो आणि कायम पिळलेलाच राहतो. काही महिन्यांत तो फाटतो. बरोबर पद्धत अशी की बोल्ट आधी नुसते हाताने लावायचे, जॅकने आर्म गाडीच्या चालत्या उंचीइतका वर उचलायचा आणि मग टॉर्क रेंचने आवळायचे. गॅरेज नवीन असेल तर कामाच्या वेळी तिथे उभं राहून हे एवढं एक बघावं, बाकी चहा प्यायला हरकत नाही.

नंतर अलाइनमेंट. खाली आलेल्या गाडीची चाकं वरच्या बाजूला आत झुकतात, म्हणजे निगेटिव्ह कँबर वाढतो, आणि टो, म्हणजे वरून बघितल्यावर चाकं पुढच्या बाजूला किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते, सुद्धा हलतो. टायर आतल्या कडेने खाल्ला जातो त्याला लोक कँबरला जबाबदार धरतात पण टायर जास्त खातो तो बिघडलेला टो. मल्टिलिंकवाल्या ऑक्टाव्हियात मागे टो आणि कँबर दोन्ही सेट होतात, पुढे मुख्यतः टोच. हेडलाइटला ऑटो लेव्हलिंगचा सेन्सर असेल तर तो उंचीवर चालतो, त्याला नवीन उंची शून्य म्हणून शिकवावी लागते, आणि काचेमागे कॅमेरा असलेल्या नव्या गाडीत त्याचंही कॅलिब्रेशन तपासून घ्यावं.

जुनी स्प्रिंग गॅस कटरने एक-दोन वेटोळी कापून गाडी खाली करायचा स्वस्त प्रकार अजूनही चालतो. आचेने स्प्रिंगच्या पोलादाचा टेंपर (भट्टीत दिलेली मजबुती) जातो, कापलेलं टोक वाटीत बसत नाही, आणि चाक लटकलं की सैल स्प्रिंग जागेवरून सरकू शकते. करू नये, विषय संपला.

स्पीडब्रेकरचा प्रश्न

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो, ताशी २५ किलोमीटरने पार करण्यासाठी. ऑक्टाव्हियाचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) साधारण २.७ मीटर, त्यामुळे अशा गतिरोधकावर गाडी मधोमध आली तरी चारही चाकं त्याच्याच चढावर असतात आणि पोटाखालची जागा पाचेक सेंटिमीटरच कमी होते. पण सोसायटीच्या गेटसमोर किंवा गावाच्या वेशीवर रातोरात घातलेला, हातभर रुंदीचा उंचवटा पूर्ण १० सेंटिमीटर खातो. समजा गाडीला १४ सेंटिमीटरची क्लिअरन्स (जमिनीपासून पोटाची उंची) होती आणि स्प्रिंगने अडीच घेतले, तर उरले दीड, त्यात मागे तीन माणसं आणि डिकीत बॅगा. मग तिरकी घालायची, माणसं उतरवायची, नाहीतर तो रस्ताच सोडायचा. लांब व्हीलबेसच्या सेडानचं हे दुखणं हॅचबॅकपेक्षा जास्त असतं, आणि लिप नंतर लागते, आधी पोट लागतं.

स्टायलिंग पार्ट

इथे मटेरियल सगळं ठरवतं. पोलंडच्या मॅक्स्टन डिझाइनसारख्या कंपन्या आरएससाठी एबीएस प्लास्टिकच्या लिप आणि स्कर्ट काढतात, त्या बंपरच्या आकाराला नीट बसतात, थोड्या वाकतात. पॉलियुरेथेन त्याहून लवचिक, फुटपाथला घासलं तर ओरखडा पडतो पण तुटत नाही. फायबर स्वस्त आणि कुठल्याही आकारात बनतं, पण ठोकर लागली की सरळ तडकतं, आणि लोकल साच्यातलं असेल तर बंपरशी गॅप राहते, ती लांबी (पुटी) भरून, घासून, रंगवून लपवावी लागते. मुंबईत कुर्ला-कलिनाचा सीएसटी रोड आणि पुण्यात नाना पेठ इथे पार्ट शोधत फिरणाऱ्यांना हे सगळं पाठ असतं. नुसत्या दुहेरी टेपवर लिप लावू नये, टेप आणि स्क्रू दोन्ही, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढताना ती पाण्याबरोबर जाते.

हवेच्या दाबाचं म्हणाल तर तो वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर कारला १०० ची मर्यादा आहे. त्या वेगाला लिपने गाडी रस्त्याला चिकटते वगैरे म्हणणं म्हणजे मनाचं समाधान.

कायदा

जर्मनीत अशा स्प्रिंगबरोबर तपासणीचा कागद येतो, फिटिंगनंतर ट्यूफसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेकडे गाडी दाखवायची आणि बदल कागदपत्रांत नोंदवून घ्यायचा, मग कोणी अडवत नाही. आपल्याकडे अशी सोय रुळलेली नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. प्रत्यक्षात रस्त्यावर पोलिसांचं लक्ष आधी सायलेन्सरचा आवाज आणि काळ्या काचा यांच्याकडे जातं, दोन सेंटिमीटर खाली आलेली गाडी ओळखायला टेप लागते. खरा धोका विम्याचा, बदल कळवलेला नसेल तर अपघातानंतर सर्व्हेअर त्यावर बोट ठेवू शकतो, आणि सस्पेन्शनची वॉरंटी तर गेलीच म्हणून धरायची.

म्हणून जाणकार लोक मूळ स्प्रिंग विकत नाहीत, पुढची-मागची, डावी-उजवी असं मार्करने लिहून माळ्यावर ठेवतात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे नूतनीकरणाला आरटीओकडे फिटनेस तपासणी होते, २००४ च्या पहिल्या आरएस त्या टप्प्याच्या केव्हाच पुढे गेल्या आहेत आणि लॉरा आरएसवाल्यांची पाळी २०२६ पासून.