गगनबावड्याची एसटी आणि केलाँगची बस

जुलैत रंकाळा स्टँडवरून गगनबावड्याची एसटी पकडली की पाऊस कसा वाढत जातो ते खिडकीतूनच कळतं. बालिंग्यात भुरभुर, कळ्यात सर, साळवणच्या पुढे वायपरला उसंत नाही आणि गगनबावड्यात उतरावं तर धुक्यात पुढचा माणूस दिसत नाही. अंतर जेमतेम पंचावन्न किलोमीटर. वर्षाचा पाऊस मात्र गगनबावड्यात पाच-सहा हजार मिलिमीटर, कोल्हापुरात हजाराच्या आसपास, आणि आणखी पूर्वेला शिरोळकडे सरकलं की त्याच्याही निम्म्यावर.

घाटाचं हे गणित आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. हिमालयात बर्फ बघायला निघालेल्या कोल्हापूरकराला तेवढी शिदोरी पुरते, असं माझं ठाम मत आहे. मनालीहून टॅक्सीनं बर्फाच्या ठिकाणी जायचं, भाड्याचे कोट घालून फोटो काढायचे आणि परत फिरायचं, यात नुसता पांढरा रंग दिसतो. त्याऐवजी हिमाचल परिवहनच्या साध्या बसनं मनालीहून डोंगरापलीकडच्या लाहौल खोऱ्यातल्या केलाँगला जावं आणि त्याच दिवशी परतावं. अंतर सुमारे ७० किलोमीटर. रस्ता उघडा असेल तर दिवसात आरामात होतं. बर्फ जोरात पडला की बस बंद राहते, तेव्हा हाताशी एखादा दिवस जास्तीचा ठेवावा.

आधी थंडीचं बघू. हवा वर चढते तसा तिच्यावरचा दाब कमी होतो, ती फुगते आणि फुगताना गार होते. सरासरीनं दर किलोमीटरला साडेसहा अंश तापमान उतरतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर, केलाँग ३,०८० मीटरच्या आसपास. म्हणजे नुसत्या उंचीनंच सोळा अंशांचा फरक पडला. त्यात कोल्हापूर १७ अक्षांशाच्या जवळ आणि केलाँग ३२ च्या वर, त्यामुळे हिवाळ्यात तिथं ऊनही तिरपं आणि दिवसही लहान.

पण नुसत्या थंडीनं बर्फ पडत नाही, त्याला बाष्प लागतं. आपल्याकडे ते नैर्ऋत्य मोसमी वारे आणतात. हिमालयात हिवाळ्यात हे काम पश्चिमी चक्रावात करतात. भूमध्य समुद्राच्या बाजूनं निघालेल्या या वादळी प्रणाली उंचावरच्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान ओलांडून येतात आणि वाटेत अरबी समुद्राकडूनही बाष्प घेतात. समोर मनाली आणि केलाँगच्या मधली पीर पंजालची रांग आली की हवा वर ढकलली जाते आणि गार होऊन ढग रिते करते. मोसमी वारा सह्याद्रीला धडकून गगनबावड्यात जे करतो तेच. फक्त तिथं ढगाचं तापमान शून्याच्या बरंच खाली असतं.

अशा ढगातले पाण्याचे थेंब शून्याखालीही लगेच गोठत नाहीत. धुळीचा एखादा सूक्ष्म कण मिळाला की त्याच्यावर पहिला स्फटिक धरतो आणि मग तो आजूबाजूच्या थेंबांचं बाष्प ओढून वाढू लागतो. थेंब आटत जातात, स्फटिक मोठा होतो. पाण्याचे रेणू बर्फात षटकोनी जुळणीनं बसतात म्हणून त्याला सहा बाजू. उणे पंधरा अंशांच्या आसपास त्याला फांद्या फुटतात, उणे पाचच्या जवळ तो सुईसारखा किंवा खांबासारखा होतो. जपानच्या होक्काइडो विद्यापीठातल्या नाकाया उकिचिरो यांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमस्फटिक तयार केला, तोही सशाच्या केसावर. कोणत्या तापमानाला आणि किती बाष्पात कोणता आकार येतो हे त्यांनी लावून दाखवलं. म्हणजे बाहीवर पडलेल्या कणाचा आकार पाहून वरच्या ढगाचा अंदाज बांधता येतो. मनालीच्या स्टँडवर बसची वाट बघताना बर्फ पडू लागला तर काळ्या स्वेटरची बाही पुढे धरावी. साधं भिंग असलं तर फांद्या मोजता येतात. फुंकर मात्र चुकूनही घालू नये, क्षणात पाणी होतं.

बस मनालीहून निघते तेव्हा आपण २,०५० मीटरच्या आसपास असतो. दोन्ही बाजूंना देवदार. सोलंगच्या पुढे रस्ता चढत जातो, कानात दडे बसतात आणि बॅगेतलं वेफर्सचं पाकीट टम्म फुगतं, कारण बाहेरचा दाब उतरलेला असतो आणि आतली हवा मनालीची किंवा त्याहून खालची. तीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास राहतो, म्हणून दर श्वासाला ऑक्सिजनही तेवढाच मिळतो. केलाँगला उतरल्यावर पळापळ करू नये, पाणी भरपूर प्यावं. पाणी तिथं नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे ढाब्यावरची डाळ शिजायला वेळ घेते.

धुंधीला अटल बोगद्याचं दक्षिण तोंड येतं. इथं खिडकीपासून नजर हलवू नये. बोगदा ९.०२ किलोमीटर लांब, ३ ऑक्टोबर २०२० पासून सुरू. दक्षिण तोंड ३,०६० मीटरवर आणि उत्तर तोंड ३,०७१ मीटरवर. चढ म्हणाल तर अकरा मीटरचा. म्हणजे पलीकडे हवा बदलली तर तिचं कारण उंची असूच शकत नाही. मध्ये उभा आहे तो डोंगर, हेच कारण. बस आत शिरते तेव्हा मागे ओले ढग आणि बर्फानं वाकलेले देवदार असतात. पंधराएक मिनिटांत बाहेर पडावं तर समोर लाहौलचं उघडंबोडकं खोरं असतं. झाडं तुरळक, उतार खडकाळ, आणि पुष्कळदा आभाळ लख्ख निळं. डोंगर ओलांडून खाली उतरणारी हवा दबते आणि दर किलोमीटरला दहा अंशांपर्यंत तापते, त्यामुळे उरलेसुरले ढगही विरतात. यालाच पर्जन्यछाया म्हणतात. गगनबावड्याकडून शिरोळकडे येताना हा बदल आपल्याला शंभरेक किलोमीटरांत दिसतो, तिथं नऊ किलोमीटरांत.

हा फरक पावसाळ्यात सगळ्यात ठळक असतो, कारण मोसमी पाऊस पीर पंजालच्या अलीकडेच बराचसा अडतो. हिवाळ्यातले चक्रावात उंचावरून येतात, ते रांग ओलांडतात आणि लाहौललाही भरपूर बर्फ देतात. पण तो बर्फ वेगळा. सोलंगचा बर्फ मुठीत दाबला की चटकन गोळा होतो, कारण तो शून्याच्या जवळ असतो आणि दाणे ओलसर पृष्ठभागांनी चिकटतात. केलाँगला कडक थंडीत हाच प्रयोग करून बघा, बर्फ बोटांतून भुकटीसारखा गळतो. मुलांना सोबत नेलं असेल तर हा प्रयोग दोन्हीकडे आवर्जून करायला लावावा.

बोगद्याआधी रोहतांग खिंडच वाट होती. ३,९७८ मीटरवरची ही खिंड वर्षातले सहाएक महिने बंद असायची, आणि तेवढा काळ लाहौल जगापासून तुटलेलं. आजारी माणसाला खाली आणायचं तर हेलिकॉप्टरची वाट बघावी लागे. बोगदा खोदतानाही डोंगरानं सहज वाट दिली नाही. सेरी नाल्याखालच्या ५८७ मीटरच्या भेगाळ पट्ट्यात पाण्याचे लोट आत येत राहिले आणि तेवढा तुकडा पार करायलाच काही वर्षं गेली. आज केलाँगची आजी तिकीट काढून जानेवारीत मनालीच्या दवाखान्यात जाऊ शकते. अभियांत्रिकीचं याहून मोठं कौतुक मला सुचत नाही.

धोका मात्र संपलेला नाही, तो बोगद्याच्या दोन्ही बाजूंच्या रस्त्यांवर आहे. हिमस्खलन बहुतेक वेळा तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर होतं. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ साठतच नाही, सपाट जागी तो सरकत नाही. खरी मेख बर्फाच्या थरांत असते. प्रत्येक हिमवर्षावाचा थर वेगळा. जमिनीलगतचा बर्फ शून्याच्या जवळ आणि वरचा उणे वीस असला, तर खालचं बाष्प थरांतून वर जात राहतं आणि तळाशी साखरेसारखे सुटे दाणे तयार होतात. एकमेकांना न धरणाऱ्या या दाण्यांवर नव्या बर्फाचं ओझं पडलं की वरची अख्खी लादी सुटते. वरून सगळं शांत आणि गुळगुळीत दिसत असतं, म्हणून फोटोसाठी रस्ता सोडून उतारावर चढणं फार वाईट. चालक-वाहक ‘थांबा’ म्हणाले तर थांबावं, त्यांना तो उतार ठाऊक असतो.

गॉगल विसरू नये. ताजा बर्फ ऐंशी-नव्वद टक्के प्रकाश परत फेकतो आणि उंचीवर अतिनील किरणही जास्त असतात. उघड्या डोळ्यांनी काही तास काढले तर डोळे भाजतात आणि त्रास संध्याकाळी सुरू होतो.

सिस्सूच्या पुढे बस चंद्रा नदीच्या उत्तर काठानं जाते. डावीकडे, नदीपलीकडचे उतार उत्तरेला तोंड करून आहेत. हिवाळ्यात त्यांना ऊन फारसं लागत नाही, म्हणून ते पांढरेशुभ्र राहतात. उजवीकडचे, आपल्या बाजूचे उतार दक्षिणेकडे बघतात. तिथं बर्फ लवकर वितळून तपकिरी माती दिसू लागते. वाटाणा-बटाट्याची शेतं आणि गावं ऊन बघूनच वसली आहेत. पावसाळ्यात इथं पाऊस जेमतेम, त्यामुळे शेतीला पाणी येतं ते वितळणाऱ्या बर्फाचं, डोंगरातून काढलेल्या पाटांनी. ताज्या बर्फात नव्वद टक्के हवाच असते, फूटभर बर्फाचं पाणी इंचभरच होतं. तरीही हिवाळाभर साठून, दबून जे उरतं त्यावर पुढचा हंगाम निघतो. आपली पंचगंगा जुलै-ऑगस्टात फुगते. चंद्रेला मेपासूनच पाणी चढू लागतं. हिवाळा कोरडा गेला की लाहौलच्या पाटांना उन्हाळ्यात पाणी कमी पडतं.

केलाँगच्या अलीकडे सात-आठ किलोमीटरवर तांदी लागतं. तिथं चंद्रेला भागा नदी मिळते आणि पुढे हेच पाणी चिनाब होऊन जम्मू-काश्मीरकडे जातं. संगम बसमधूनही दिसतो, जाताना डावीकडची खिडकी धरावी.