फुप्फुसांचा रक्तदाब, उजवं हृदय आणि इस्ट्रोजेनचं कोडं

दंडाला पट्टा बांधला, 120/80 आकडा आला, की "बीपी नॉर्मल" म्हणून आपण निश्चिंत होतो. पण तो आकडा हृदयाच्या डाव्या बाजूचा. उजवी बाजू फुप्फुसांकडे रक्त ढकलते आणि तिथला दाब पट्ट्याला कळतच नाही. निरोगी माणसात तो सरासरी 14 मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो. 20 च्या वर गेला की त्याला पल्मनरी हायपरटेन्शन म्हणतात. काही वर्षांपूर्वीपर्यंत ही रेषा 25 वर होती. इकोमध्ये अंदाज येतो, पण खात्रीसाठी शिरेतून बारीक नळी थेट हृदयात न्यावी लागते.

याची कारणं अनेक. त्यातला एक प्रकार म्हणजे पीएएच (पल्मनरी आर्टरियल हायपरटेन्शन) : फुप्फुसातल्या बारीक धमन्यांच्याच भिंती जाड होतात आणि वाट अरुंद होत जाते. अमेरिकेतल्या 'रिव्हील' या मोठ्या रुग्णनोंदणीत दर पाच रुग्णांमागे चार बायका होत्या. आणि गंमत अशी, की आजार बायकांना जास्त होतो, पण झाल्यावर पुरुषांपेक्षा त्याच जास्त काळ जगतात.

हे कसं? उत्तर फुप्फुसात नाही, हृदयाच्या उजव्या जवनिकेत, म्हणजे रक्त बाहेर ढकलणाऱ्या खालच्या कप्प्यात आहे. डाव्या जवनिकेची भिंत साधारण 10 मिलिमीटर जाड, उजवीची जेमतेम 3 ते 5. हलकं काम करायला घडलेला हा पातळ कप्पा आहे. त्याच्यावर दुप्पट-तिप्पट दाब आला की काय होतं, ते लाप्लासच्या नियमातून कळतं. भिंतीवरचा ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या, भागिले भिंतीची जाडी. दाब वाढला तरी भिंत जाड झाली तर ताण आटोक्यात राहतो. पण कप्पा फुगत गेला तर त्रिज्या वाढते, त्यामुळे ताण वाढतो आणि ताणामुळे कप्पा आणखी फुगतो. शेवटी मधला पडदा डावीकडे सरकतो आणि डावी बाजूही नीट भरेनाशी होते. या आजारात मृत्यू येतो तो बहुतेकदा उजवं हृदय थकल्यामुळे.

2014 साली ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी उपचार सुरू केल्यावर वर्षभराने रुग्णांची हृदयं एमआरआयने पुन्हा तपासली. फुप्फुसातला अडथळा स्त्री-पुरुषांत सारखाच कमी झाला होता. पण बायकांच्या उजव्या जवनिकेचं आकुंचन सुधारलं होतं, पुरुषांचं घसरलं होतं.

संशयाची सुई इस्ट्रोजेनवर, म्हणजे बायकांच्या शरीरात जास्त असणाऱ्या संप्रेरकावर (हार्मोनवर) आहे. मला सगळ्यात भुरळ घालतो तो बीएमपीआर2 नावाचा जनुक. तो बिघडला तर फुप्फुसाच्या धमन्यांमधल्या पेशी बेसुमार वाढतात. आनुवंशिक पीएएचचं मुख्य कारण हेच. प्रयोगांत दिसलं, की फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांच्या पेशींमध्ये इस्ट्रोजेन हा जनुक दाबून ठेवतं. उजव्या हृदयाच्या पेशींमध्ये मात्र उलट! तिथे इस्ट्रोजेन आपल्या अल्फा ग्राहीला (संप्रेरकाचा निरोप घेणाऱ्या पेशीतल्या प्रथिनाला) चिकटतं, बीएमपीआर2 वाढतं आणि त्यातून ॲपेलिन हे प्रथिन वाढतं, जे आकुंचनाला बळ देतं. उंदरांवरचं हे काम 2021 मध्ये प्रसिद्ध झालं. अल्फा ग्राही नसलेल्या उंदरांची हृदयं जास्त ढासळली. म्हणजे एकच संप्रेरक फुप्फुसात आजाराला वाट करून देतं आणि हृदयात त्याच आजाराशी लढतं.

यावरून कुणी इस्ट्रोजेनसारखे घटक असलेल्या सोयाबीनच्या नाहीतर 'हार्मोन बॅलन्स'च्या गोळ्या विकायला आलं तर दारातूनच परत पाठवा. आणि या आजाराने धाप लागणाऱ्या मुलीबद्दल "लग्न लावून द्या, एक मूल झालं की धाप आपोआप जाईल" हे सांगणाऱ्यांना तर ठामपणे गप्प करायला हवं. गरोदरपणात रक्ताचं आकारमान जवळपास निम्म्याने वाढतं. हा भार उजव्या हृदयाला पेलत नाही. म्हणूनच पीएएच असलेल्या बाईने गर्भधारणा टाळावी, असं डॉक्टर सांगतात.

इस्ट्रोजेन तयारच होऊ न देणारं ॲनास्ट्रोझोल रुग्णांना देऊन पाहिलं गेलं. सहा मिनिटांत चालून होणाऱ्या अंतरात फरक पडला नाही. दोन अवयवांत उलटं वागणाऱ्या रेणूला सगळीकडून एकदम हटवलं, तर असंच होणार ना? त्यापेक्षा साखळीतली शेवटची कडी हाताळणं मला जास्त आशादायक वाटतं. पीएएचच्या काही रुग्णांना ॲपेलिन थेट शिरेतून दिलं, तेव्हा थोड्या वेळापुरतं का होईना, त्यांचं हृदय दर मिनिटाला जास्त रक्त पुढे ढकलू लागलं.