आई-वडिलांसाठी आय-१३० भरताय? आधी गावाकडची कागदं जुळवून घ्या

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची जी पोरं अमेरिकेत सिटीझन झालीत त्यातली बरीच जणं आता आई-वडिलांना तिकडं न्यायचं म्हणतात. त्यासाठी आधी आय-१३० भरायचा, म्हणजे हे माझे आई-वडील आहेत, यांना ग्रीन कार्ड (तिथं कायम राहायची परवानगी) मिळावं म्हणून मुलानं करायचा पहिला अर्ज. फॉर्म तसा अवघड नाही, ऑनलाइन बसून भरता येतो, अडतं ते सगळं आपल्याकडच्या कागदांवर, म्हणून फी भरायच्या आधी हे वाचा.

अर्ज कोण करू शकतं ते पहिलं बघा. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेची सिटीझन पाहिजे आणि वय २१ पूर्ण पाहिजे. नुसत्या ग्रीन कार्डवर आई-वडिलांसाठी अर्ज करता येत नाही. लग्न झालेली मुलगी करू शकते, फक्त आडनाव बदललं असेल तर तिच्या लग्नाचा दाखला जोडायचा. जावई किंवा सून सासू-सासऱ्यांसाठी करू शकत नाही, ज्याचे आई-वडील त्यानंच करायचं. आईचा आय-१३० वेगळा, वडलांचा वेगळा, फी पण दोनदा (एप्रिल २०२४ पासून एका अर्जाला ऑनलाइन ६२५ आणि कागदावर ६७५ डॉलर, तरी भरायच्या दिवशी यूएससीआयएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या, साइटवर एकदा बघाच). या कॅटेगरीला वर्षाचा कोटा नाही त्यामुळं भावा-बहिणीच्या अर्जासारखी वर्षानुवर्षं रांग नसते, पण आई-वडलांच्या अर्जात धाकट्या भावाला घालता येत नाही.

आता कागदं. या टप्प्यावर जन्म दाखला लागतो तो तुमचा, म्हणजे अर्ज करणाऱ्या मुलाचा किंवा मुलीचा, आई-वडलांचा नाही. आईसाठी तुमचा सिटीझनशिपचा पुरावा आणि तुमचं नि आईचं नाव असलेला तुमचा जन्म दाखला. वडलांसाठी त्यावर वडलांचं नाव पाहिजे आणि जोडीला आई-वडलांच्या लग्नाचा दाखला.

आपल्याकडं घोटाळा इथंच होतो. जुन्या जन्म दाखल्यावर पुष्कळदा बाळाचं नावच नसतं, नुसतं मुलगा किंवा मुलगी एवढंच. नोंद जिथं आहे तिथं, म्हणजे महानगरपालिका, पंचायत किंवा तहसील, आधी नाव घालून मिळतंय का विचारा. नोंदच सापडत नसेल तर तसं लेखी घ्या, त्याला नॉन-अव्हेलेबिलिटी सर्टिफिकेट म्हणतात, आणि त्याच्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला जोडा. शाळेचा दाखला पण नसेल तर जन्म माहीत असलेल्या दोघांची अफिडेव्हिट लागतात. आत्या, मामा, चुलते चालतात, पण ‘मी यांना ओळखतो’ एवढ्यावर भागत नाही, स्वतःचा पत्ता, जन्मतारीख, नातं, जन्म कुठं कधी झाला आणि ते आपल्याला कसं माहीत, हे सगळं त्यात आलं पाहिजे.

दुसरं स्पेलिंग. मराठी शाळेच्या दाखल्यावर सावित्री, पासपोर्टवर त्याचं इंग्रजी साधं टी घालून, आणि कन्नड दाखल्यावरनं कुणी इंग्रजी केलं की तिथं टीएच. वर आईचं माहेरचं नाव शाळेत, सासरचं आधारवर. फॉर्ममध्ये आधी वापरलेली नावं विचारतात तिथं ही सगळी रूपं लिहा, काही लपवू नका, आणि ही सगळी नावं एकाच माणसाची आहेत असं सांगणारं ‘वन अँड द सेम’चं अफिडेव्हिट करून ठेवा. गावाचं पण तसंच, २०१४ च्या १ नोव्हेंबरआधीच्या कागदावर बेल्गाम आणि नंतरच्यावर बेळगावी, आणि १९५६ च्या आधी जन्मलेल्यांच्या कागदावर राज्य मुंबई, तेव्हा एक छोटं पत्र जोडून शहर एकच आहे हे सांगितलेलं बरं. कन्नड आणि मराठी प्रत्येक कागदाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, आणि खाली भाषांतर करणाऱ्यानं ते बरोबर आहे, मला दोन्ही भाषा येतात असं लिहून सही करायची.

लग्नाची नोंद जुन्या जोडप्यांनी केलेलीच नसते. ती आत्ता सब-रजिस्ट्रार ऑफिसात करता येते, फोटो, आधार, साक्षीदार घेऊन. नोंदीची तारीख नवीन दिसते म्हणून जुनी लग्नपत्रिका नि लग्नातला फोटो पण अर्जाला जोडा, आईच्या ट्रंकेत सापडेल.

आय-१३० मंजूर झाला की फाइल एनव्हीसीकडं, म्हणजे अमेरिकेच्या नॅशनल व्हिसा सेंटरकडं, जाते. तिथं परत फी, डीएस-२६० हा व्हिसाचा फॉर्म, आई-वडलांचे स्वतःचे जन्म दाखले, पासपोर्ट ऑफिसचं पोलीस क्लिअरन्स आणि तुमचा आय-८६४, म्हणजे मी यांचा खर्च उचलीन याची हमी. तुमचं उत्पन्न तिथल्या गरिबी रेषेच्या १२५ टक्के तरी पाहिजे, आणि घरातली माणसं मोजताना आई-वडील पण धरायचे. कमी पडलं तर जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे खर्चाची हमी देणारा दुसरा माणूस, घेता येतो. मेडिकल आणि इंटरव्ह्यूसाठी म्हाताऱ्या माणसांना मुंबईला जायची तयारी ठेवा, बरोबर कुणीतरी पाहिजेच.

एक सांगावंसं वाटतं. आय-१३० टाकला की नंतर व्हिजिटर व्हिसा मिळणं अवघड होतं, कारण आई-वडील तिकडं राहायलाच येणार असं तिथले अधिकारी धरतात. आणि ग्रीन कार्ड घेतलं म्हणजे राहायचं तिकडं. वडलांना भाताची लावणी, सुगी सोडवत नसेल आणि वर्षातले आठ-नऊ महिने गावातच काढायचे असतील तर माझ्या मते व्हिजिटर व्हिसाच बरा. सलग एक वर्षाच्या वर बाहेर राहिलं की ग्रीन कार्ड सोडलं असं धरलं जाऊ शकतं. गावी जास्त दिवस यायचंच असेल तर आय-१३१ फॉर्म भरून री-एंट्री परमिट, म्हणजे अमेरिकेत परत जायचा परवाना, घ्या, दोन वर्षांपर्यंतचं मिळतं, पण तो अर्ज अमेरिकेत असतानाच टाकावा लागतो, गावी आल्यावर टाकता येत नाही.