टर्न मारला की येणारा आवाज

बेळगावात उद्यमबागेकडच्या कुठल्याही गॅरेजात घटकाभर उभं राहा, हे वाक्य कानावर पडणारच: "मामा, टर्न मारला की टायरातनं आवाज येऊलाय बघा." कसला आवाज म्हणून विचारलं, की गिऱ्हाईक तोंडानं कट-कट, घुंईं, कुर्र असं वाजवून दाखवतं. ही नक्कल फारशी उपयोगाची नसते. आवाज कशानं वाढतो आणि कशानं थांबतो, हे नीट सांगता आलं तर मात्र निम्मं काम तिथंच होतं.

सरळ रस्त्यावर गप्प असणारी गाडी वळणावरच का बोलते? कणकुंबीहून चोर्ला घाटात उतरताना गाडी पूर्ण उलटी फिरवणारी वळणं लागतात. अशा एका वळणात बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे साडेचार मीटर जास्त चालतं. दोन चाकांमधलं अंतर साधारण १.४५ मीटर, त्याला ३.१४ नं गुणायचं. गंमत म्हणजे वळण आवळ असो की पसरट, अर्ध्या वर्तुळात हा फरक तेवढाच राहतो. तो डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरांचा संच, सांभाळतो.

दुसरं म्हणजे वजन सरकतं. हजार किलोची गाडी ४० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० किलोमीटरनं नेली, तर आतल्या बाजूचा सव्वाशे किलोच्या आसपास भार बाहेरच्या दोन चाकांवर जातो. तिसरं, पुढची चाकं वळलेली असताना इंजिनाची ताकद वाकलेल्या सांध्यातून चाकापर्यंत पोचवावी लागते. सरळ जाताना यातलं काहीच नसतं, म्हणून झिजलेला भाग लपून राहतो.

पहिली तपासणी गाडी न हलवता होते. इंजिन चालू ठेवा, गाडी उभीच असू द्या आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. आवाज आला तर चाकाच्या फिरण्याशी त्याचा संबंध नाही. कर्र करून मध्येच 'टंग' झालं, तर शॉकॅबच्या डोक्यावरचं बेरिंग अडकतंय आणि स्प्रिंग पिळून सुटतेय. जुन्या ऑइलवाल्या पॉवर स्टिअरिंगचा पंप अगदी टोकाला कण्हतो, तो थोडाफार कण्हणारच. तिथं स्टिअरिंग दाबून धरू नका, एवढंच.

मग मोकळं मैदान गाठा. स्टिअरिंग पूर्ण कापून, ताशी दहाच्या वेगानं, ॲक्सिलरेटर हलका दाबत गोल फिरवा. आधी डावीकडे, मग उजवीकडे. कट-कट-कट आला, पाय उचलल्यावर मंदावला आणि सरळ झाल्यावर गेला, तर एक्सलचा बाहेरचा, म्हणजे चाकाजवळचा जॉइंट संशयित. या जॉइंटची रचना आल्फ्रेड झेप्पा या इंजिनिअरनं १९२०च्या दशकात केली. वाटीसारख्या खाचांमधून सहा पोलादी गोळ्या सरकतात, त्यामुळे चाक कितीही वळलं तरी दोन्ही टोकांचा वेग एकच राहतो. खाचा झिजल्या की गोळी जागेवर आदळते, तोच हा कट-कट.

जॉइंट आपणहून क्वचितच मरतो, आधी त्याचा रबरी बूट, म्हणजे त्यावरचं आवरण, फाटतो. जांबोटी-खानापूरकडच्या लाल चिखलात गाडी असेल तर इथंच लक्ष ठेवायला हवं. फटीतून ग्रीस बाहेर उडतं आणि चिखल आत जातो. त्या मातीत लोखंडाची ऑक्साइडं आणि बारीक वाळू असते, म्हणजे ग्रीसऐवजी जणू पॉलिश पेपरच भरला. चाकामागे, रिमच्या आतल्या बाजूला काळे चिकट फटकारे दिसले, तर आवाज यायच्या आधीच बूट बदलून घ्या. फार स्वस्तात सुटाल. जुन्या टू-व्हील-ड्राइव्ह बोलेरोवाल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, त्यांच्या पुढच्या चाकांना एक्सलची ताकद जातच नाही.

आवाज सरळ रस्त्यावरही येत असेल, तर मोजून बघा. चौदा इंची रिमच्या नेहमीच्या टायरचा घेर दोन मीटरच्या आतबाहेर असतो. ताशी २० ला तो सेकंदाला जवळजवळ तीन फेरे मारतो. टिक-टिक त्याच तालात, ॲक्सिलरेटरची पर्वा न करता येत असेल, तर खाचेत खडी अडकलीय किंवा खिळा घुसलाय. पत्रा किसल्यासारखी किंकाळी एकाएकी सुरू झाली, तर ब्रेक डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्यात खडा गेलेला असू शकतो. गाडी थोडी मागे-पुढे केली की तो बऱ्याचदा आपोआप पडतो.

खरी कसोटी लागते ती हायवेवरच्या घुंईंची. चाकाचं बेरिंग आणि टायर दोघंही तसाच सूर लावतात, आणि चांगले चांगले मिस्त्री इथं फसतात. वंटमुरी घाटाकडे जाताना लांब वळण डावीकडे जातं तेव्हा भार उजव्या बाजूवर येतो. तेव्हा सूर चढला आणि उजव्या वळणावर उतरला, तर उजवं बेरिंग बघा. डांबर संपून काँक्रीट आलं आणि आवाजाची जातच बदलली, तर दोष टायरचा. रस्ता कसला आहे याचं बेरिंगला काही नसतं. टायरवर तळवा आडवा न फिरवता घेराच्या दिशेनं फिरवा. एकीकडून मऊ आणि उलट फिरवल्यावर करवतीसारखं बोचत असेल, तर रबर तिरकं झिजलंय. आधी अलाइनमेंट करा. बेरिंगचा संशय असेल तर चाक जॅकवर उचलायचं, हातानं फिरवायचं आणि दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर टेकवायची. खराब बेरिंगची खरखर कानाला लागत नाही, पण स्प्रिंगमधून बोटांना स्पष्ट कळते.

अपार्टमेंटच्या गुळगुळीत पार्किंगमध्ये चाकं चिरकतात त्याची काळजी नको. हळू वळतानाही चारही टायर आपापल्या वर्तुळात तंतोतंत फिरत नाहीत, थोडे घसटतात. रबर चिकटतं-सुटतं आणि किंचाळतं. थारचा फोर-बाय-फोर लिव्हर कोरड्या डांबरावर ओढून वळलात, तर पुढचा-मागचा एक्सल एकमेकांशी भांडतात आणि गाडी उड्या मारते. तिथं दोष लिव्हर ओढणाऱ्याचा.

एक आवाज मात्र असा आहे, की त्याच्याशी प्रयोग करत बसू नका. पंक्चर काढून किंवा टायर बदलून आणल्यावर वळणावर खट्-खट् किंवा धब्-धब् ऐकू आलं, तर गाडी तिथंच कडेला घ्या आणि पान्यानं सगळे नट तपासा. ढिल्या नटांनी रिमची भोकं अंडाकृती होतात, स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतात ते बोल्ट, तुटतात आणि चाक निखळतं. आवळतानाही एकामागून एक नाही, समोरासमोरचे आळीपाळीनं. आणि ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा पाना लावून बघा.