पलटणीच्या पेटीतली सनद: बॉस्टनच्या आफ्रिकन लॉजची पार्श्वभूमी

६ मार्च १७७५, सोमवार. बॉस्टनच्या ओल्ड साउथ मीटिंग हाउसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पाच वर्षांपूर्वी ब्रिटिश शिपायांच्या गोळीबारात या शहरातली पाच माणसे गेली होती आणि त्यांच्या आठवणीसाठी दरवर्षी भाषण व्हायचे. यंदा ५ मार्चला रविवार आला म्हणून ते एक दिवस पुढे ढकलले होते. वक्ते डॉ. जोसेफ वॉरन. ऐकायला समोर ब्रिटिश अधिकारीही येऊन बसले होते.

त्याच दिवशी, त्याच शहरात आणखी एक बैठक झाली, असे आफ्रिकन लॉजची परंपरा सांगते. ब्रिटिशांच्या ३८व्या पायदळ पलटणीतल्या जॉन बॅट नावाच्या सार्जंटने पंधरा कृष्णवर्णीय माणसांना फ्रीमेसन पंथाची, म्हणजे एकमेकांना बंधू मानणाऱ्या आणि गुप्त खुणा पाळणाऱ्या मंडळाची, दीक्षा दिली. पंधराही जण गुलामीतून मोकळे होते. त्यांचा पुढारी प्रिन्स हॉल, चामडे कमावणारा कारागीर. आज 'प्रिन्स हॉल मेसनरी' म्हणून ओळखला जाणारा मोठा प्रवाह इथून निघाला. त्याचा उगम शोधत गेले की हाती लागते ते परमुलखात तैनात असलेल्या शिपायांचे एक लॉज: आयर्लंडच्या नोंदवहीतले क्रमांक ४४१.

इथे लॉज म्हणजे उतरायची जागा नव्हे. फ्रीमेसन मंडळींत लॉज म्हणजे एकत्र बसणाऱ्या बंधूंचा गट, मग त्यांना स्वतःची इमारत असो वा नसो. गट अधिकृत ठरतो तो सनदेने. ग्रँड लॉज, म्हणजे लॉजांवरची मुख्य संस्था, सनद देते, क्रमांक देते, आणि सनद जवळ असल्याशिवाय बैठक रीतसर मानली जात नाही. सनदेवर एरवी गावाचे नाव असे. शिपायांची अडचण नेमकी इथे होती, कारण त्यांना गावच नव्हते. आज जिब्राल्टर, उद्या वेस्ट इंडीज, परवा अमेरिका. ही अडचण आयर्लंडच्या ग्रँड लॉजने १७३२ मध्ये सोडवली. पुढे 'रॉयल स्कॉट्स' म्हणून ओळखल्या गेलेल्या पहिल्या पायदळ पलटणीला तिने क्रमांक ११ची सनद दिली, तीही गावाच्या नाही तर पलटणीच्या नावे. पलटण जाईल तिथे लॉज जाईल, असा तिचा अर्थ. पुढे स्कॉटलंड आणि इंग्लंडनेही हा मार्ग धरला, तरी फिरत्या सनदा वाटण्यात आयर्लंडचाच हात सगळ्यात सैल राहिला.

असे सगळे लॉज एका पेटीत मावायचे. सनदेचा कागद, बायबल, गवंड्याचा गुण्या आणि कंपास, एप्रन, पदकांच्या फिती, हजेरीची वही. पेटी सामानाच्या गाड्यांबरोबर पुढे जायची आणि मुक्काम पडला की खानावळीच्या माडीवर किंवा बराकीत उघडायची. पलटणीत हुद्द्याची उतरंड कडक. लॉजमध्ये मात्र सार्जंट अध्यक्षाच्या खुर्चीवर बसू शकत होता. घर सोडून वर्षानुवर्षे दूर राहणाऱ्या माणसाला आजारपणात विचारपूस, मेल्यावर बंधूंच्या हातून रीतसर दफन आणि मागे राहिलेल्यांसाठी थोडीफार मदत, एवढा आधार त्या पेटीत होता. शिपायांना लॉजची ओढ का होती हे समजायला मला एवढे पुरेसे वाटते. गुप्त खुणांचे गूढ त्यानंतर येते.

पेटीचा मान शत्रूही राखत. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात, १६ जुलै १७७९ला, अमेरिकन सैन्याने स्टोनी पॉइंटचे ठाणे जिंकले तेव्हा १७व्या पायदळ पलटणीच्या 'युनिटी' लॉजची सनद त्यांच्या हाती पडली. आठवडाभरात अमेरिकन सेनापती सॅम्युअल पार्सन्स यांनी ती परत पाठवली. सोबतच्या पत्राचा आशय असा: राजांच्या महत्त्वाकांक्षेने आपल्याला लढायला लावले असले, तरी मेसन म्हणून आपल्या मनात वैर नाही.

बॉस्टनमध्ये तर या फिरत्या लॉजांनी स्थानिक इतिहासच वळवला. १७६८ मध्ये शहरात फौज उतरली आणि तिच्याबरोबर तीन पलटणींची लॉजे आली. बॉस्टनच्या सेंट अँड्र्यूज लॉजला स्कॉटलंडच्या अखत्यारीत स्वतःचा प्रांतिक ग्रँड मास्टर, म्हणजे प्रांतातल्या लॉजांचा प्रमुख, हवा होता, पण एकट्या लॉजच्या मागणीला वजन नव्हते. त्यांनी पलटणींच्या लॉजांना बरोबर घेतले आणि डिसेंबर १७६९ मध्ये ते पद मिळवले. त्या पदावर बसले तेच डॉ. जोसेफ वॉरन. त्यांना पाठिंबा देणाऱ्या लॉजांपैकी एक २९व्या पायदळ पलटणीचे होते, आणि जेमतेम अडीच महिन्यांनी, ५ मार्च १७७०ला, गोळीबार झाला तो याच पलटणीच्या शिपायांकडून. ज्यांच्या साथीने पद मिळाले, त्यांच्याच पलटणीच्या कृत्यावर वॉरन पुढे जाहीर सभांत बोलले. तो काळ किती गुंतागुंतीचा होता हे मला दुसऱ्या कुठल्याही तपशिलातून इतके नीट दिसत नाही.

आता प्रिन्स हॉलकडे. प्रचलित चरित्रानुसार विल्यम हॉल नावाच्या चामडेव्यावसायिकाने त्याला ९ एप्रिल १७७०ला, गोळीबारानंतर महिनाभराने, मुक्तिपत्र दिले. त्या कागदाची भाषा लक्ष देऊन वाचावी अशी आहे. यापुढे हा गुलाम नाही, एवढ्यावर ती थांबत नाही. तो नेहमीच मुक्त माणूस मानला गेला आहे, असेही ती म्हणते. फ्रीमेसनांच्या १७२३च्या घटनेत अट होती की उमेदवार जन्मतः मुक्त हवा, कुणाच्या दास्यात असलेला नको. पुढे आफ्रिकन लॉजच्या वैधतेवर जे वाद झाले, त्यांत ही अट वारंवार पुढे केली गेली. इंग्लंडच्या ग्रँड लॉजने 'जन्मतः मुक्त' बदलून नुसते 'मुक्त' केले ते १८४७ मध्ये.

बॅटच्या हातून दीक्षा घेतलेल्यांची नावे वाचली तरी बरेच काही समजते. केटो स्पीन, बॉस्टन स्मिथ, पीटर फ्रीमन. केटो हे मालकांनी गुलामांना हौसेने दिलेल्या रोमन नावांपैकी, बॉस्टन हे शहराचे, आणि फ्रीमन म्हणजे सरळ 'मुक्त माणूस'. मालकांच्या घरांतून आलेली नावे घेऊन ही माणसे एकमेकांना बंधू म्हणायला जमली होती.

दीक्षा मिळाली, पण सनद नाही. सनद पलटणीची होती आणि ती पलटणीच्या पेटीत राहिली. सहा आठवड्यांत लेक्सिंग्टन आणि काँकर्डला युद्धाला तोंड फुटले. १७ जूनला बंकर हिलच्या लढाईत ३८वी पलटण ब्रिटिशांच्या बाजूने लढली आणि वॉरन अमेरिकनांच्या बाजूने लढताना तिथेच पडले. ३ जुलै १७७५ ही आफ्रिकन लॉजच्या स्थापनेची तारीख सांगितली जाते. वेढा पडलेल्या बॉस्टनमध्ये हे लॉज उभे राहत होते आणि नदीपलीकडे केंब्रिजला जॉर्ज वॉशिंग्टन, तेही फ्रीमेसन, अमेरिकन सैन्याची सूत्रे हाती घेत होते. १७ मार्च १७७६ला ब्रिटिश फौज जहाजांत बसून निघून गेली. पेटीही गेली. मागे राहिली पंधरा माणसे आणि मर्यादित परवानगी. बॉस्टनचे, इंग्लंडच्या अखत्यारीतले प्रांतिक ग्रँड मास्टर जॉन रो यांनी त्यांना सेंट जॉनच्या दिवशी, म्हणजे फ्रीमेसनांच्या सणाला, मिरवणुकीने चालायची आणि आपल्या मृतांना रीतीने पुरायची मुभा दिली होती. नव्या माणसाला दीक्षा देण्याचा अधिकार त्यांना नव्हता.

मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटतात ती यानंतरची वर्षे. लॉज स्थापन करणारे शिपाई गेल्यावर पलटणींची कित्येक लॉजे विरून गेली. हे मात्र टिकले, आणि ज्यांच्या हाती पूर्ण अधिकार नव्हता त्यांनी टिकवले. एप्रिल १७७७ मध्ये प्रिन्स हॉलने बॉस्टनच्या तोफखाना पलटणीला पाच चामडी ढोलपुडे पुरवल्याचे बिल आहे. त्याच वर्षी त्याने आणि इतरांनी मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे गुलामगिरी बंद करण्यासाठी अर्ज केला. स्वातंत्र्याच्या लढाईला ढोलपुडे देणारा माणूस त्याच लढाईच्या तत्त्वांवर आपल्या लोकांची सुटका मागत होता.

युद्ध संपल्यावर, मार्च १७८४ मध्ये, त्याने लंडनच्या विल्यम मूडी या बंधूला पत्र लिहून पूर्ण सनद मागितली. २९ सप्टेंबर १७८४ची, क्रमांक ४५९ची सनद मंजूर झाली. कागद प्रत्यक्ष हाती पडायला मात्र २९ एप्रिल १७८७ उजाडले. कप्तान जेम्स स्कॉट यांनी तो समुद्रापार आणला. आठवड्याभरात, ६ मेला, लॉज नव्याने रीतसर उभे राहिले आणि प्रिन्स हॉल त्याचा मास्टर, म्हणजे अध्यक्ष, झाला. बॉस्टनची गोरी लॉजे त्याला मानायला तयार नव्हती. आक्षेप घेणाऱ्यांचा एक मुद्दा असा की फिरत्या लॉजने स्थानिक नागरिकांना दीक्षा द्यायचीच नव्हती. ग्रँड लॉजांनी असे निर्बंध घातले होते, हे खरे. पण लंडनने दिलेल्या सनदेपुढे हा मुद्दा लंगडा पडतो, असे मला वाटते.

सनदेचा उपयोग काय, हे १७८८च्या फेब्रुवारीत दिसले. बॉस्टनच्या बंदरात तीन मुक्त कृष्णवर्णीयांना कामाच्या बहाण्याने जहाजावर चढवले, डांबले आणि कॅरिबियन बेटांकडे विकायला नेले. त्यांतला एक आफ्रिकन लॉजचा सभासद होता. प्रिन्स हॉलने लॉजच्या वतीने विधिमंडळाकडे अर्ज केला: आमच्या बंधूला पळवून नेले जाते, मग आमच्या मुक्त असण्याला अर्थ काय? इतरांचेही अर्ज आले, आणि मार्च संपायच्या आत राज्याने गुलामांच्या व्यापाराला बंदी घालणारा आणि पळवल्या गेलेल्यांच्या कुटुंबांना दाद मागू देणारा कायदा केला. गव्हर्नर जॉन हॅनकॉक यांनी बेटांवरच्या गव्हर्नरांना पत्रे लिहिली. तिघे सेंट बार्थेलेमी बेटावर सापडले आणि उन्हाळ्यात बॉस्टनला परतले. त्यांच्यातल्या मेसन बंधूने तिथे मेसनांची खूण केली आणि ती ओळखणारा माणूस भेटला, असे तेव्हाच नोंदले गेले.

यानंतरचा प्रवास वेगाने झाला. १७९७ मध्ये फिलाडेल्फियात अ‍ॅब्सलम जोन्स यांच्या पुढाकाराने दुसरे लॉज उभे राहिले, प्रॉव्हिडन्सलाही एक झाले. प्रिन्स हॉल डिसेंबर १८०७ मध्ये वारला. १८१३ मध्ये इंग्लंडच्या दोन ग्रँड लॉजांचे एकत्रीकरण झाले, तेव्हा आफ्रिकन लॉजचे नाव यादीतून गळले. शेवटी १८२७ मध्ये आफ्रिकन लॉजने स्वतःला स्वतंत्र जाहीर केले. १७८४ची ती सनद १८६९ मध्ये जळत्या इमारतीतून बाहेर काढावी लागली, ती वाचली. गोऱ्या ग्रँड लॉजांकडून मान्यता यायला कनेटिकटमध्ये १९८९ उजाडले, आणि इंग्लंडच्या ग्रँड लॉजने मॅसॅच्युसेट्सच्या प्रिन्स हॉल ग्रँड लॉजला मान्यता दिली ती १९९४ मध्ये.

दरम्यान दुसऱ्या महायुद्धानंतर कृष्णवर्णीय अमेरिकन शिपाई जर्मनी, जपान आणि कोरियातल्या तळांवर राहू लागले. प्रिन्स हॉल ग्रँड लॉजांनी त्यांच्यासाठी सनदा काढल्या, आणि परमुलखातल्या बराकींजवळ पुन्हा शिपायांची लॉजे भरू लागली.