फ्लॅश डिफ्यूझर

फ्लॅश डिफ्यूझर : कॅमेऱ्याच्या हॉट शूवर (माथ्यावर फ्लॅश बसवायच्या खाचेवर) किंवा स्टँडवर लावलेल्या छोट्या फ्लॅशचा प्रकाश पसरवून सावल्या सौम्य करणारे साधन. दुधी प्लास्टिकची टोपी, घुमट, घडीचा सॉफ्टबॉक्स (तोंडाशी पांढरा पडदा असलेला डबा) आणि आरपार प्रकाश सोडणारी पांढरी छत्री हे त्याचे नेहमीचे प्रकार. पांढरे कार्ड प्रकाश गाळत नाही, परावर्तित करते. तरी वापर तोच असल्याने तेही यातच धरतात.

सावलीची कड विरते ती प्रकाशाचा स्रोत मोठा दिसल्यामुळे. मधले प्लास्टिक किती दुधी आहे, हा प्रश्न दुय्यम. फ्लॅशचे तोंड साधारण ७ सेंमी रुंद असते. त्यावर तेवढीच टोपी चढवली, तर २ मीटरवरच्या चेहऱ्याच्या दृष्टीने दिवा होता तेवढाच राहतो. ६० सेंमी रुंद सॉफ्टबॉक्स १ मीटरवर आणला, तर तो त्या दिव्याच्या सुमारे १७ पट रुंद दिसतो. पण तोच ४ मीटरवर नेला, की १ मीटरवरच्या १५ सेंमीच्या डब्याएवढाच उरतो. म्हणून आधी अंतर ठरवावे आणि मग साधन निवडावे. चेहऱ्यासाठी सॉफ्टबॉक्स त्याच्या कर्णाइतक्या अंतरावर, म्हणजे ६० सेंमीचा चौकोनी असेल तर सुमारे ८५ सेंमीवर ठेवणे ही चांगली सुरुवात.

मग छोट्या टोपीने खोलीत छायाचित्र सुधारते ते का? टोपी प्रकाश चहूकडे फेकते आणि छत व भिंतींवरून परतणारा उजेड सावल्या भरून काढतो. काम भिंती करतात, श्रेय टोपीला मिळते. उघड्यावर, उंच सभागृहात किंवा गडद छताखाली टोपी केवळ प्रकाश खाते; तिथे ती काढून ठेवलेलीच बरी. रंगीत भिंतींचा रंग त्वचेवर उतरतो, आणि तो चेहऱ्याच्या एकाच बाजूला असला तर व्हाइट बॅलन्सने (कॅमेऱ्यातल्या रंगदुरुस्तीने) पुरता जात नाही. छत पांढरे आणि बेताच्या उंचीवर असेल, तर टोपीशिवाय फ्लॅशचे डोके वर वळवून मागे छोटे पांढरे कार्ड लावणे अनेकदा सरस ठरते: छतावरून मऊ प्रकाश येतो आणि कार्डामुळे डोळ्यांत चमक राहते.

प्रकाशाची घट आधी मोजून ठेवावी. कॅमेरा तिपाईवर, फ्लॅश मॅन्युअलवर आणि समोर करडे कार्ड ठेवून डिफ्यूझरशिवाय १/१६ शक्तीवर चित्र घ्यावे. मग डिफ्यूझर लावून हिस्टोग्रामचा (चित्रातल्या उजेडाच्या आलेखाचा) उंचवटा पूर्वीच्याच जागी येईपर्यंत शक्ती वाढवावी. १/४ वर आला, तर घट २ स्टॉपची (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). टोपी बसताच काही फ्लॅश आपोआप सर्वांत रुंद झूमवर (प्रकाशाच्या सर्वांत रुंद कोनावर) जातात. ती घटही या मोजणीत धरली जाते. २ स्टॉप गेले की गाइड नंबर (फ्लॅशचा पल्ला गुणिले एफ-आकडा) निम्मा होतो. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) १०० ला ४० मीटर असलेला आकडा २० वर येतो, आणि एफ/५.६ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) ला पल्ला सुमारे ७ मीटरवरून साडेतीनवर उतरतो. आयएसओ ४०० केल्यास तो भरून निघतो. टीटीएल (लेन्समधून आलेला प्रकाश मोजून फ्लॅशची शक्ती आपोआप ठरवणारी पद्धत) ही घट स्वतः सांभाळते, पण फ्लॅशची पूर्ण शक्ती संपेपर्यंतच. त्यापुढे चित्र काळपट येते. हायस्पीड सिंकमध्ये (खूप वेगवान शटरसोबत फ्लॅश वापरण्याच्या पद्धतीत) शक्ती आधीच बरीच कमी होत असल्याने ही मर्यादा फार लवकर येते.

सॉफ्टबॉक्स निवडताना आत दुसरा पडदा आहे का, हे पाहावे. एकाच पडद्यात मधोमध तेजस्वी ठिपका राहतो, कडा अंधारतात आणि मोठ्या आकाराचा फायदा वाया जातो. झूम रुंद ठेवणे किंवा फ्लॅशचे अंगचे रुंद-कोनाचे पान बाहेर काढणे यावर बराच उपाय होतो. कॅमेऱ्यावर मोठा डबा लावला तर डोक्याची बिजागरी भाराने झुकते, फोकसला मदत करणारा लाल किरण अडतो आणि रुंद लेन्समध्ये डब्याची कड चित्रात डोकावते. कॅमेरा उभा धरताच फ्लॅश बाजूला जातो आणि सावली मागच्या भिंतीवर आडवी पडते. डोके पुन्हा छताकडे वळवणे विसरू नये. छत्री प्रकाश सर्वत्र सांडते, त्यामुळे लहान खोलीत पार्श्वभूमी अंधारी ठेवता येत नाही. बाहेर वाऱ्याने स्टँड उलटतो, म्हणून पायाशी वजन हवेच.

छोट्या डिफ्यूझरचे खरे राज्य मॅक्रोत, म्हणजे अगदी जवळून घेतलेल्या छायाचित्रांत. कीटकापासून १० सेंमीवर धरलेला १५ सेंमीचा पडदा त्याच्या मानाने प्रचंड असतो, आणि कवचावरची पांढरी चकाकी पसरून रंग दिसू लागतो. इथे ट्रेसिंग पेपरही पुरतो. मात्र कोणतेही साहित्य फ्लॅशच्या काचेला चिकटवू नये: पूर्ण शक्तीवर लागोपाठ चमकवल्यास कागद करपतो, प्लास्टिक वितळून समोरच्या पॅनेलला डाग पडतो. दोन-तीन सेंमी मोकळी जागा ठेवावी. पिवळट पडलेला डिफ्यूझर प्रकाश उबदार करतो. करड्या कार्डावर व्हाइट बॅलन्स घेऊन तो काही काळ चालवता येतो, पण दुसरा स्वच्छ फ्लॅश सोबत असेल तर दोन्हींचे रंग जुळत नाहीत आणि टोपी बदलावी लागते.